निंगाप्पा हेळव्याची हाक

फार वर्षांपूर्वी, चिंचणहट्टीला सडक नव्हती, एसटी नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. बसा नीट, मधेच कुणी उठायचं नाही. तेव्हा सुगी झाली की बैलावर बसून निंगाप्पा हेळवी गावात यायचा. हेळवी म्हणजे घराण्यांची नावं जपणारा माणूस. दारात बैल उभा करायचा, घंटा वाजवायचा, वही उघडायचा आणि तुमचा बाप, आजा, पणजा, त्याच्याही मागचे धडाधड सांगायचा. बाया सुपातनं जोंधळे आणून घालायच्या. कोण कुणाचा, असा तंटा पडला की त्याचा शब्द शेवटचा.

एका साली दुंडाप्पा मगदूम वारला. मागं बायको, तायव्वा, एकटी. नदीकाठचं काळंभोर रान तेवढं तिच्या पोटाला होतं, आणि त्यावर रायगोंडा पाटलाचा डोळा. बाईचे डोळे सुकले नव्हते, तोवर ह्या बाबानं उठवलं, की दुंडाप्पा मगदुमांचा नव्हेच, दुष्काळात कुणीतरी टाकून गेलेलं पोर ते! मग रान बेवारस, म्हणजे पाटलाचं. शरम असते काही माणसाला? पंच म्हणाले, हेळवी येऊ दे, तो सांगेल ते खरं.

निंगाप्पा आला. गावाबाहेर आमराईत उतरला. पाटील भर दुपारी तिथं गेला नि म्हणाला, "मगदुमांच्या वेलीतनं दुंडाप्पा गाळ."

"न्हाई जमायचं," निंगाप्पा म्हणाला.

पाटलानं वह्यांचं गाठोडं उचललं नि निंगाप्पाच्या पेटत्या चुलीत घातलं. चौदा पिढ्यांच्या वह्यांची बघता बघता राख झाली.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं सारा गाव जमला. पाटील मिशीवर ताव देत म्हणाला, "हं, काढ वही. वाच की!"

निंगाप्पा बैलावर बसून हसायला लागला. म्हणाला, "पाटील, मला अक्षर कुठं येतंय? लोकांना वही लागती, म्हणून पानं उलटतो. नावं तोंडात हायत माझ्या. आता तोंड जाळता का?"

आणि त्यानं सुरुवात केली. गाव वसवणाऱ्या पहिल्या माणसापासून. तीन दिवस तो बैलावरनं उतरला नाही, पाण्याचा घोट घेतला नाही. पाटलाच्या दहा गड्यांनी बैल ढकलून बघितला, बैल तसूभर हलला नाही. असं म्हणतात, की निंगाप्पा ज्या मेलेल्या माणसाचं नाव घेई, तो माणूस "हाय!" म्हणून ओ देई. पिंपळातनं, पारातनं, भिंतीतनं. म्हातारी माणसं आपल्या आईबापाचा आवाज ऐकून ढसाढसा रडली.

तिसऱ्या दिवशी मगदुमांचं घर आलं. आज्याचं नाव झालं, बापाचं झालं, मग निंगाप्पानं हाक दिली, "त्याचा पोटचा लेक, दुंडाप्पा!"

"हाय!" तायव्वाच्या अगदी पाठीमागनं आवाज आला. ती गर्रकन वळली. "ह्यो आवाज माझ्या घरचा हाय गं बाई," म्हणाली, "मी वळखत न्हाई व्हय?" पंचांनी तिथल्या तिथं रान तिच्या पदरात घातलं.

शेवटी राहिलं पाटलांचं घर. लोक ओरडले, "गाळ त्याला! गाळ रायगोंडाला!" पाटील मान खाली घालून उभा. पण निंगाप्पा गावावरच भडकला. "नाव गाळायला मी काय पाटील हाय?" म्हणाला, आणि खणखणीत हाक दिली, "रायगोंडा, वह्या जाळणारा!"

मेलेल्यांनी ओ दिली होती ती आपापली. हा तर जिवंत. ह्याची ओ कोण देणार? सारा गाव पाटलाच्या तोंडाकडं बघायला लागला, बैलसुद्धा. अखेर पाटलाला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं, "हाय."

निंगाप्पा तिथनं गेला तो परत आला नाही. कुठं गेला, कुणाला ठाऊक नाही.

पण अजून सुगी झाली की चिंचणहट्टीत चावडीपुढं दर घरचं एक माणूस उभं राहतं आणि कागद न बघता आपल्या सात पिढ्या सांगतं. प्रत्येक नावाला गाव "हाय!" म्हणतो. काल राहायला आलेला भाडेकरू असला, तर त्यानं आपलं एकच नाव सांगायचं. गाव त्यालाही तेवढ्याच जोरानं ओ देतो. पाटलांनाही सुटका नाही. मागं त्यांचा एक साहेब झालेला नातू आला होता, "रायगोंडा" म्हणून पुढं सरकायला लागला. त्याची थोरली आत्या गर्दीतनं उठली नि म्हणाली, "वह्या जाळणारा म्हण. ते बी आपलंच हाय."

त्यानं म्हटलं. गावानं ओ दिली.