प्रदक्षिणा घालणारा गवलासुर

त्रेतायुग नुकतेच उजाडले होते. पृथ्वीवर नांगरापेक्षा धनुष्य अधिक चालत होते, आणि देव हाक मारली की ओ देण्याइतके जवळ राहत होते. त्या काळी सह्यपर्वताच्या पूर्व उतारावर, वेणुमती नदीच्या तीरी, धूम्रायण ऋषींचा आश्रम होता. हिरडा, बेहडा, अंजन आणि पळस यांच्या छायेत विसावलेल्या पर्णकुटी, अंगणात ऋषिकन्यांच्या ओंजळीतून नीवाराचे दाणे खाणारी हरिणांची पाडसे, आणि या सर्वांच्या मध्यभागी, काळ्या पाषाणाच्या वेदीवर, धूम्रायणांच्या पूर्वजांनी चेतवलेला व तेव्हापासून एकदाही न विझलेला अग्नी! त्या अग्नीच्या साक्षीने ऋषींनी एक महासत्र आरंभले होते आणि भर सभेत प्रतिज्ञा केली होती की, पूर्णाहुतीपूर्वी हा अग्नी शांत झाला, किंवा पूर्णाहुती घडलीच नाही, तर त्याच वेदीपाशी आपणही देह ठेवू. धूम्रायण एकदा बोलले की बोलले. त्यांना समजावण्याच्या भानगडीत देवही पडत नसत.

या सत्राच्या रक्षणाचे दायित्व राजा शरभकेतूवर होते. त्याचे मायबाप तो रांगत असतानाच निवर्तले. पुढे त्याला धूम्रायणांनी वेद दिला आणि ऋषिपत्नी मेधावतीने घास भरवला. असा हा आश्रमाचा लाडका पुत्र मोठेपणी मृगयेत अद्वितीय निघाला. त्याच्या उजव्या हाताने ओढलेला बाण रिकामा गेल्याचे कोणी पाहिले नव्हते, आणि राजालाही ही गोष्ट चांगलीच ठाऊक होती. उजव्या मनगटात त्याने रत्नजडित कडे घातले होते, उजव्या दंडावर केयूर होते. डावा हात मात्र उघडाबोडका. धनुष्याचा सगळा भार तो बिचारा वाही आणि कौतुक व्हायचे ते उजव्याचे.

अशा वेळी त्या वनात गवलासुर अवतरला. रानगव्याचे रूप घेतलेला तो दैत्य पर्वताच्या सोंडेसारखा काळा होता, त्याच्या शिंगांमध्ये वटवृक्षाची फांदी अडकली तरी त्याला पत्ता लागत नसे. एकेकाळी याच दैत्याने अग्निदेवाभोवती प्रदक्षिणा घालून घालून पृथ्वीवर खंदक पाडला होता, आणि प्रसन्न झालेल्या देवाकडून वर मिळवला होता: "जोवर मी एखाद्याला प्रदक्षिणेच्या चालीने, उजव्या अंगाला ठेवून धावत असेन, तोवर त्याच्या उजव्या हाताने ओढलेला बाण मला न लागो!" अग्निदेव तथास्तु म्हणून मोकळे झाले. मात्र वर पदरात पडताच दैत्याच्या मनात पाल चुकचुकली. ज्याने दिले तोच उद्या परत मागून बसला तर? तेव्हा देणाराच नाहीसा करावा, हे उत्तम!

एके प्रभाती ऋषी वेदीपाशी बसले असताना गवलासुर अरण्य फोडून आला. शरभकेतूने हसतच धनुष्य सज्ज केले. पण हे श्वापद समोरून चालून येईना. ते त्याच्याभोवती फिरू लागले, डावीकडून समोर, समोरून उजवीकडे, उजवीकडून पाठीमागे! डाव्या हाती धनुष्य धरणाऱ्याला डाव्या बाजूचे लक्ष्य गाठणे सोपे. उजवीकडे निसटणाऱ्या लक्ष्यामागे कंबर वळता वळता अडते आणि पाय एकमेकांत अडखळतात. राजाने बाण सोडला, तो अंजनाच्या बुंध्यात रुतला. दुसरा सोडला, तो नदीत पडला. भाता रिता झाला तरी त्या कातडीवर ओरखडा उठला नाही. आणि मग ते चक्र मोडून दैत्य वेदीवर धावला, आडव्या आलेल्या धूम्रायणांचा उजवा खांदा त्याने शिंगाने चिरडला, आणि मेघासारखा गर्जला, "राजा, मी आज केवळ वाट हेरून ठेवली. पूर्णाहुतीच्या दिवशी अग्नी पूर्ण रूपाने या वेदीवर उतरेल. तेव्हा येईन आणि त्याला खुरांखाली तुडवीन!"

दैत्य गेला. ऋषींचा उजवा हात दोरी तुटलेल्या शिंकाळ्यासारखा लोंबत राहिला. आयुष्यात प्रथमच शरभकेतू घाबरला, आणि त्याहून अधिक लाजला. तो वेदीपुढे कोसळला व आक्रंदून म्हणाला, "हे हुताशना, तुझ्याच वराने तुझ्यावर धाड घातली! तो वर मागे घे, नाहीतर माझ्या गुरूंचे प्राण जातील!"

समिधा तडतडल्या आणि ज्वाळेतून शब्द आले, "राजा, दिलेला शब्द मला गिळता येत नाही. मी सर्वभक्षक खरा, पण तेवढे एक मला पचत नाही. तू मात्र त्याने काय मागितले ते नीट ऐक. उजव्या हाताचा बाण लागू नये, एवढेच तो म्हणाला. डाव्याला तो हात म्हणूनही मोजत नाही."

"डावा?" राजा चपापला. आपल्या डाव्या तळव्याकडे त्याने असे पाहिले, जणू कोणी परका माणूस घरात येऊन बसला आहे.

"शिव शिव!" वेदनेने विव्हळत असतानाही धूम्रायण कडाडले. "यज्ञभूमीत वामहस्ताने धनुष्य ओढायचे? ज्या हाताने देवाला फूल वाहत नाहीत, त्या हाताने देवाचे रक्षण? वत्सा, हा अनाचार माझ्यासमोर घडला तर मी तुला शाप देईन!"

"द्या की," मेधावती शांतपणे म्हणाली. ती त्यांच्या खांद्याला पाला बांधत होती. "शापाचे पाणी उजव्या तळहातावर घ्यावे लागते. तो हात आधी हलवून दाखवा."

शिष्यांनी हसू दाबण्यासाठी उपरणी तोंडात कोंबली. मेधावती राजाकडे वळली. "बाळा, मी वनचरांची लेक आहे आणि जन्माची डावखुरी. आमच्या डोंगरात शिकारीला दोघे निघाले की एक उजवा असे, एक डावा. म्हणजे श्वापदाला कुठली बाजू मोकळी राहत नसे. मी माझ्या पित्याची डावी बाजू होते. इथे आले आणि यांच्या धाकाने हात पदराखाली घेतला. पण विद्या गेली नाही."

"मग माते, तूच हे धनुष्य घे!"

"हे? अरे, हे उचलायलाच आता मला दोन शिष्य लागतील. मी शिकवीन. मारायचे तुला आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्रैलोक्यविख्यात धनुर्धराची जी फजिती सुरू झाली, ती पाहायला म्हणे आश्रमातली माकडेसुद्धा कामधाम सोडून येत. राजाने धनुष्य उजव्या हाती धरून डाव्याने प्रत्यंचा ओढली, तो बाण पुढे जाण्याऐवजी पायाशीच पडला. प्रत्यंचा सुटून उजव्या कोपरावर सणकन बसली आणि पृथ्वीपती पोरासारखा कळवळला. रागारागाने तो डाव्या हातावर खेकसू लागला, जणू तो चुकार सेवक होता.

"दरडावून काय होणार?" मेधावती म्हणाली. "जन्मभर त्याला तू काही काम सांगितलेस का? आजच एकदम युद्धावर पाठवतोस! आधी त्याला घरातले कर." आणि तिने राजाचे उजवे मनगट सरळ कमरेला बांधून टाकले. मग तो सार्वभौम सम्राट डाव्या हाताने दर्भ कापू लागला, ताक घुसळू लागला, गाईंना दावी बांधू लागला, यज्ञशाळेवर बसणाऱ्या कावळ्यांना खडे मारू लागला. पहिल्या दिवसांत कावळे उडण्याचेही कष्ट घेत नसत. पुढे ते सावध झाले. आणखी काही काळाने यज्ञशाळेच्या आसपास कावळा औषधालाही मिळेनासा झाला, तेव्हा मेधावतीने त्याच्या डाव्या हाती पुन्हा प्रत्यंचा दिली.

आता बाण वेगाने सुटू लागला, टणत्कार घुमू लागला. पण काय आश्चर्य! लक्ष्यावर म्हणून एकही बसेना. ठेवलेल्या बेलफळाच्या उजवीकडे, नेमक्या वीतभर अंतरावर, बाणामागून बाण जाऊन रुते. राजाने अंगठ्याची साल निघेपर्यंत अभ्यास केला, उपवास केले, हाताला गरम वाळूचा शेक दिला. फळ तसेच, बाण तसेच. सत्र तर संपत आले होते. अखेरीस त्याने धनुष्य भुईवर टाकले. त्याचे डोळे भरून आले.

"माते, हा हात दळभद्री आहे. माझ्यामुळे गुरुदेव मरणार."

मेधावती त्याचा चेहरा न्याहाळत राहिली, आणि एकदम टाळी वाजवून हसली. "अरे खुळ्या, हात केव्हाच शिकला! तू नेम धरताना मी पाहिले ना. बाण डाव्या डोळ्याखाली असतो आणि पाहतोस मात्र उजव्याने! हात सासरी नांदायला आला, डोळा अजून माहेरीच बसलाय." तिने पळसाचे एक पान तोडले, राजाच्या उजव्या डोळ्यावर ठेवले आणि वेलीने घट्ट बांधले. "आता सोड."

शरभकेतूने श्वास रोखला. डाव्या डोळ्याला जग किंचित सरकल्यासारखे दिसले, आणि मग बेलफळ जिथे होते तिथे स्थिर झाले. त्याने बोटे सैल केली. फळ फुटले, गर उडाला, आणि राजा असा आनंदाने ओरडला की पर्णकुटीत निजलेले धूम्रायण दचकून उठले व संतापून शाप देण्यासाठी पाणी मागू लागले!

पूर्णाहुतीचा दिवस उगवला. वेदघोषाने दिशा भरल्या. वेदीवरचा अग्नी वर चढत सुवर्णस्तंभासारखा उभा राहिला. आणि पर्वत हादरवीत गवलासुर आला. त्याच्या खुरांनी उडालेल्या धुळीने सूर्य तांबूस झाला. राजा वेदीसमोर एकटा उभा होता. त्याला पाहताच दैत्य डुरकला, "आलास पुन्हा? घे, तुला प्रदक्षिणा घालतो. राजेलोकांना मान आवडतो ना!"

आणि तो धावू लागला. डावीकडून समोर, समोरून उजवीकडे! पण आज राजाचा उजवा खांदा पुढे होता, उजव्या मुठीत धनुष्य होते, उजव्या डोळ्यावर पळसाचे पान बांधलेले होते, आणि ज्या बाजूला त्याची कंबर अडत असे त्याच बाजूला ती आता ताकातल्या रवीसारखी फिरत होती. दैत्य पुढे, बाणाचे टोक त्याच्याही पुढे. राजाने प्रत्यंचा डाव्या कानापर्यंत ओढली आणि सोडली. बाण गवलासुराच्या खांद्यात अर्धा शिरला!

डाव्या हाताचे बळ अजून कोवळे होते. तो घाव प्राण घेण्याइतका खोल गेला नाही. पण युगानुयुगे ज्याला काटासुद्धा टोचला नव्हता, त्याला तो घाव म्हणजे आकाश कोसळल्यासारखाच वाटला. दैत्य भेदरला. वर विसरला, अट विसरला, सारे विसरला. पुढे धावल्यास पुन्हा बाण भिडेल, एवढेच त्याला सुचले, आणि तो गर्रकन मागे वळून उलट दिशेने धावत सुटला. उजवीकडून समोर, समोरून डावीकडे. ही प्रदक्षिणा नव्हती!

"बाळा!" मेधावती किंचाळली. "उलटा फिरला! हात बदल!"

राजाने एका क्षणात ओळखले. धनुष्य उजव्या मुठीतून उडाले, डाव्या मुठीत आले. कैक दिवस दावी बांधणाऱ्या त्या डाव्या हाताने ते असे झेलले की जणू त्याच कामासाठी तो घडला होता. उजव्या डोळ्यावरचे पान ओरबाडून निघाले. इतके दिवस दोरीवाचून राहिलेला, विसावलेला, आसुसलेला उजवा हात प्रत्यंचेला भिडला. तो बाण गवलासुराच्या बरगडीतून शिरून हृदयापार गेला, आणि तो कृष्णपर्वत वेदीपासून चार हातांवर कोसळला.

एकच जयजयकार झाला. शिष्य नाचू लागले. मेधावती रडत रडत हसत होती. "एवढे शिकवले, आणि मारलास शेवटी उजव्यानेच!"

"माते," राजा धापा टाकीत म्हणाला, "डाव्याने त्याला वळवला म्हणून उजव्याला मिळाला."

तोच सगळ्यांच्या ध्यानात आले. पूर्णाहुती राहिली होती. ती यजमानाच्याच हाताने पडायला हवी, आणि यजमानाचा उजवा हात तर मेला होता. धूम्रायण वेदीपाशी ताठ बसले होते. शांत स्वरात ते म्हणाले, "अग्नी वाचला, मी कृतार्थ झालो. पण आहुती देण्यास मला हात नाही. प्रतिज्ञेप्रमाणे मी देह ठेवतो."

तेव्हा सुवर्णस्तंभ दुभंगला आणि त्यातून अग्निदेव प्रकट झाले. "शरभकेतो, तू माझे रक्षण केलेस. वर माग."

राजाने कपाळावरचा घामही पुसला नाही. "देवा, माझ्या गुरूंच्या डाव्या हातची आहुती घे."

"अनाचार!" धूम्रायण पुटपुटले, पण त्या शब्दात जोर नव्हता.

अग्निदेव हसले. "ब्रह्मर्षे, मी अन्न पाहतो, वाढणाऱ्याचा भाव पाहतो. हात कुठला ते तुम्ही मोजत आलात. द्या, मी उपाशी आहे."

धूम्रायणांनी डाव्या हाती तुपाने भरलेला स्रुवा घेतला. जन्मात त्या हाताने कधी तूप वाढले नव्हते. अर्धे तूप वेदीच्या कडेवर सांडले. ऋषींचे डोळे पाणावले आणि ते ओशाळून थांबले. तेव्हा ज्वाळा आपणहून खाली वाकली, पाषाणावर सांडलेले ते तूप तिने थेंबन् थेंब चाटून घेतले, आणि मग उरलेल्या आहुतीसाठी तोंड उघडून वाट पाहत राहिली.

"स्वाहा!" धूम्रायण ओरडले, त्यांचा आवाज फाटला होता. पूर्णाहुती पडली आणि अग्नी आकाशाला भिडला. ऋषी जगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सर्व शिष्यांदेखत, पत्नीसमोर बसून डाव्या हाताने समिधा कशी मोडावी ते शिकू लागले.

तेव्हापासून वेणुमतीच्या खोऱ्यात धनुर्विद्या शिकणाऱ्याला दोन्ही हात शिकवतात. आणि जेवताना एखाद्या मुलाने डावा हात पुढे केला, तर तिथली आई त्याला चापट मारीत नाही. "राहू दे," ती म्हणते, "देवाने खाल्लंय त्या हातचं."