काहिलीतलं छत

त्या राज्यात तळं एकच होतं आणि त्याला घाट दोन होते. ज्यांच्या कपाळावर पांढरा चांद असे, ती जनावरं वरच्या घाटावर, झऱ्याच्या तोंडाशी पाणी पीत. बाकीची खालच्या घाटावर पीत, म्हणजे वरच्यांनी खुर धुऊन, नाकं शिंकरून, शेण टाकून झाल्यावर जे खाली येई ते पीत. व्यवस्था जुनी होती आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. जो तो त्याच गढूळ पाण्यात आपलं काळं कपाळ बघून हळहळे आणि पुन्हा पिऊ लागे.

ज्यांना जन्मतः चांद नव्हता, त्यांच्यासाठी एक सोय मात्र होती. राजधानीच्या मधोमध एक पुरातन कॅथीड्रल उभं होतं. दोन मनोरे, एक तडकलेली घंटा, रंगीत काचांच्या खिडक्या, आणि आत एवढं उंच छत की बैलावर बैल उभे केले तरी शिंग लागू नये. दगडी कमानी चारी बाजूंनी वर चढत जात आणि अगदी मधोमध दगडात कोरलेल्या एका भल्यामोठ्या फुलापाशी येऊन भिडत. पूर्वजांनी ते छत एवढं उंच का नेलं असेल, याचा विचार करणं केव्हाच बंद झालं होतं. बहुधा आत येणाऱ्यानं मान वर करावी म्हणून नेलं असावं. पण तसं कोणी बोलून दाखवलं असतं तर तो गावंढळ ठरला असता.

कारण मान वर करणं तिथे असभ्य समजलं जाई. वर बघताना जनावराचं तोंड उघडं पडतं, जीभ दिसते, शिंगं शेजाऱ्याच्या डोळ्यात जातात. म्हणून कॅथीड्रलचा कारभारी असलेल्या बगळ्यानं फरशीवर गूळ करायच्या काहिलींएवढ्या मोठ्या तांब्याच्या काहिली मांडून त्यांत पाणी भरून ठेवलं होतं. पाण्यात छत दिसे. यात्रेकरूनं मान खाली घालायची, छत काहिलीत बघायचं, कपाळ पाण्यात बुडवून ते तसंच ओलं ठेवून थांबायचं. वरून चुन्याची भुकटी झरत असे. ती ओल्या कपाळावर बसली, वाळली, की चांद तयार. हा चांद अंग धुतलं की निघून जाई. त्यामुळे वरच्या घाटावरची बरीचशी प्रतिष्ठित मंडळी वर्षानुवर्षं अंघोळ करत नसत. त्यांच्या अंगाला येणाऱ्या वासाला घरंदाजपणा म्हणत.

एके काळी ही भुकटी झरत नसे. कुंभारीण माश्यांचा एक थवा कमानींच्या सांध्यांतून राहत असे आणि जिथे चीर पडेल तिथे ओली माती भरून ती बुजवत असे. पण भुकटीला आशीर्वादाचा मान मिळाल्यावर बुजवलेल्या चिरा बगळ्याच्या डोळ्यांत खुपू लागल्या. डागडुजी झालेलं छत झरत नाही, आणि न झरणारं छत बघायला कोण येणार? त्यानं कुंभारणींचा जाहीर सत्कार केला, त्यांच्या सेवेबद्दल भरल्या गळ्यानं बोलला आणि त्यांना धूर देऊन हाकलून लावलं. तेव्हापासून भुकटी वाढत गेली. भक्तीही वाढली.

दौलतराव रेडे राजधानीत आले ते या भक्तीच्या ऐन भरात. जन्मनाव दौल्या. पण गाव सोडताना ते गोठ्यातच ठेवून आले होते. कपाळ डांबरासारखं काळं. सोबत बायको होती, गजराबाई म्हैस. तिला चांदाचं काही कौतुक नव्हतं. तिचं पारडू खालच्या घाटाचं पाणी पिऊन सतत हगवणीनं बेजार होतं, आणि चांद असलेल्याच्या पोरांना वरचं पाणी मिळतं एवढंच तिला माहीत होतं. दौलतरावही लोकांना पारडाचंच कारण सांगत. मनात मात्र ते वाटभर एकच चित्र घोळवत आले होते: आपण वरच्या घाटावर उभे आहोत, आणि खालून शेजारचे बैल आपण ढवळलेलं पाणी पीत आहेत. हे चित्र डोळ्यांसमोर आलं की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

दारात बगळा एका पायावर उभा होता. अंगानं इतका स्वच्छ की त्याच्याजवळ उभं राहिल्यावर प्रत्येकाला आपण मळके आहोत असं वाटावं. तेच त्याचं भांडवल होतं.

"या. मान खाली," तो मृदू आवाजात म्हणाला. "डोळे पाण्यात. श्रद्धा ज्याची जेवढी खाली, तेवढा चांद ठसठशीत."

"बरोबर आहे," दौलतराव म्हणाले. आपल्याला हे आधीपासूनच ठाऊक होतं, असा त्यांचा आवाज होता.

आत दाटी होती. बोकड, बैल, घोडी, खेचरं, सगळी आपापल्या काहिलीवर ओणवी झालेली. ज्यांच्या काहिली कडेच्या होत्या त्यांच्या कपाळी नुसता शिंतोडा पडत होता आणि ते मधल्या काहिलीकडे जळक्या नजरेनं बघत होते. मधली काहील दगडी फुलाच्या बरोबर खाली होती. तिथे भुकटी नुसती झरत नव्हती, पीठ चाळावं तशी पडत होती. मधूनच एखादा खडाही येई. एका खेचराला तो टाळूवर लागला, रक्त आलं, तर आजूबाजूच्यांनी त्याचं अभिनंदन केलं.

दौलतराव मधल्या काहिलीकडे सरकू लागले. कोणाला खांदा लावत, कोणाच्या पायावर खुर देत, आणि तोंडानं 'क्षमा असावी' म्हणत. गजराबाई मागून चालत होती. काहिलीपाशी पोचता पोचता एक खडा तिच्या पाठीत बसला. तिनं, जशी कुठलीही म्हैस बघेल तशी, तो कुठून आला ते बघायला मान वर केली.

ती बराच वेळ तशीच राहिली.

दगडी फुलाच्या भोवती सगळीकडून चीर गेली होती. चिरेतून आभाळ दिसत होतं. फूल आता कमानींना धरून नव्हतं, एका बाजूला जेमतेम टेकून होतं, आणि तीही बाजू हलत होती. पाकोळ्यांची घरटी होती, पण त्यांत पाकोळ्या नव्हत्या.

"अवं," ती हळूच म्हणाली, "जरा वर बघा."

"मान खाली घे आधी. लोक बघतायत."

"कुणी बघत न्हाई. समदी पाण्यात तोंड घालून बसल्यात. वरचा धोंडा सुटलाय. चला भायेर."

"धोंडा नाही तो. फूल आहे." दौलतरावांनी काहिलीतून नजर हलवली नाही. "आणि हललं तर पाणी हललं असेल."

"पाणी न्हाई हललं. मी डोळ्यानं बघतीया."

बगळा नेमका तेव्हाच तिथे आला. त्यानं गजराबाईच्या वर केलेल्या तोंडाकडे बघून चोच किंचित वाकडी केली आणि दौलतरावांना म्हणाला, "नवीन आहेत वाटतं या. होतं असं. खालच्या घाटाची सवय लवकर जात नाही." एवढं बोलून तो लगबगीनं दाराबाहेर गेला. अलीकडे तो आत कधीच फार वेळ थांबत नसे, आणि हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दौलतरावांनी मान आणखी खाली घातली. एवढी वाट तुडवली, एवढी दाटी फोडली, आणि ऐन वेळी या बाईनं अब्रूचे धिंडवडे काढावेत. त्यांना तिची लाज वाटली. तिच्या चिखलानं माखलेल्या पोटाची, तिच्या बोलण्याची, तिच्या भीतीचीसुद्धा.

"तू बाहेर थांब," ते दातांतून म्हणाले. "चांद उमटला की येतो."

गजराबाईनं त्यांची शेपूट दातांत धरून ओढली. दौलतरावांनी मागचा पाय झाडला. तो तिच्या जबड्यावर बसला. ती मागे सरली, क्षणभर त्यांच्या ओणव्या पाठीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग होता आणि रागापेक्षा जास्त किळस.

"पारडू घरी वाट बघतंय माझी," ती म्हणाली. "मी त्याला दुसरं पाणी हुडकीन." मग ती वळली आणि गर्दीतून वाट काढत, मान वर ठेवूनच, दाराकडे निघाली. तिच्या त्या उघड्या तोंडाकडे बघून दोन घोड्या फिसकन हसल्या आणि पुन्हा पाण्यात वाकल्या.

दौलतरावांना मोकळं वाटलं. त्यांनी कपाळ काहिलीत बुडवून नीट भिजवलं. वर कुठेतरी दगड दगडावर घासल्याचा लांबलचक आवाज झाला. मंडळींनी तो स्तोत्रासारखा डोळे मिटून ऐकला. भुकटी एकदम दाट झाली, नाकातोंडात जाऊ लागली, आणि कडेच्या काहिलींवरचे सगळेच मधल्या काहिलीकडे लोटले. दौलतरावांनी शिंगं आडवी धरून आपली जागा राखली.

मग काहिलीतलं फूल मोठं होऊ लागलं. आधी त्याच्या पाकळ्या वेगवेगळ्या दिसायला लागल्या, मग पाकळ्यांवरच्या छिन्नीच्या खुणा.

"उमलतंय," कोणीतरी गहिवरून म्हणालं.

"माझ्या काहिलीत उमलतंय," दौलतराव म्हणाले. फूल आता काठापासून काठापर्यंत पसरलं होतं. ते नेमकं आपल्या कपाळाच्या मध्यावर यावं म्हणून त्यांनी मान जराशी डावीकडे सरकवली.