काचेआडची विळी

एका मोठ्या शहराच्या संग्रहालयात फार वर्षांपूर्वी शस्त्रांच्या कपाटात चुकून एक विळी ठेवली गेली. खाली पाटी लागली: ‘युद्धातील हत्यार’. झालं, विळीला चढली. शेजारच्या रत्नजडित कट्यारीला ती रोज नवी लढाई रंगवून सांगायची. कट्यार गप्प ऐकायची.

एकदा सहलीला आलेल्या भागीरथीकाकू काचेला नाक लावून म्हणाल्या, “अगं बाई, कसलं युद्ध? ही तर भेंडी चिरायची विळी.” सगळे हसले. आता आपली रवानगी पाट्या-वरवंट्यांच्या दालनात होणार, म्हणून विळीला रडू फुटलं.

तेव्हा कट्यार हळूच म्हणाली, “तू निदान भेंडी तरी चिरलीस. मला टोकाला लिंबू खोचून लग्नात नवरदेवाच्या हाती द्यायचे. माझ्या हातून आजवर तेवढी लिंबंच मेली.”