नावाड्याच्या हातातली कुऱ्हाड

नदीकाठच्या एका गावात एक चितारी राहायचा. वेशीपाशी एक पांढरी भिंत होती. दर बाजाराला तो तिच्यावर कोळशाने दरबारातल्या भांडणाचं चित्र काढायचा. प्रधानाची ढेरी म्हणू नका, कोतवालाच्या मिशा म्हणू नका, कुणाला सोडायचा नाही. लोक पोट धरून हसायचे आणि चित्रात दिसलं तेच खरं मानून घरी जायचे. एक रीत मात्र होती. ज्याचं चित्र, त्याला पडद्याआड आधी दाखवायचं. मगच पडदा सारायचा.

एकदा काय झालं, राजाने बांधवून घेतलेला दोरांचा पूल तुटला. भरल्या नदीत माणसं वाहून गेली. प्रधान म्हणाला, "नावाड्याने दोर तोडले. पुलापायी त्याचा धंदा बसला ना!" सारं गाव तेच बोलू लागलं. नावाड्याला हद्दपार करा म्हणू लागलं.

चिताऱ्याने नावाडी काढला. हे एवढं नाक, हातात कुऱ्हाड. रीतीप्रमाणे त्याला बोलावलं.

"नाक झ्याक जमलंय," नावाडी म्हणाला. "पण बाबा, ही कुऱ्हाड तू पाहिलीस?"

"सगळं गाव म्हणतंय."

"मग गावाच्या हातात दे की! माझ्या हातात कशाला?"

चिताऱ्याने कोळसा खाली ठेवला. तो उठून पुलापाशी गेला. दोरांना वरून डांबर फासलेलं होतं. तुटलेलं टोक त्याने हातात घेतलं, तर आतून कुजून भुसा झालेला. घाव कुठेच नाही. आणि राजाने तर पुलासाठी गाड्या भरून नवे दोर धाडले होते, गावाने पाहिले होते! गेले कुठे ते? परतताना त्याची नजर प्रधानाच्या अंगणात गेली. तिथे झोपाळा टांगलेला, त्याच नव्याकोऱ्या दोरांचा.

चिताऱ्याने भिंत पुसली. नवं चित्र काढलं. प्रधान झोपाळ्यावर झोके घेतोय आणि त्याच्या पायाखालून माणसं वाहत चाललीत. रीत ती रीत. प्रधानाला बोलावलं.

प्रधान हसला. "ढेरी आणखी मोठी काढ हवं तर. तेवढे दोर पूस."

"हवं तर ढेरी पुसतो, प्रधानजी. दोर राहतील."

"पडदा सारलास तर या गावात परत पाऊल टाकायचं नाही."

चिताऱ्याने पडद्याची कड धरली. घर इथलं, भिंत इथली, हसणारी माणसं इथलीच. मग त्याने पडदा सारला.

लोक ढेरी बघून हसले. एक बाई पुढे आली, तिचा लेक त्या पुलावरून नदीत गेला होता. तिने चित्रातल्या दोरांवर बोट ठेवलं. हसू थांबलं. बघता बघता गाव प्रधानाच्या अंगणाकडे वळलं.

प्रधानाची प्रधानकी गेली, पण ती पुढे. त्या दिवशी त्याच्या हुकमावरून शिपायांनी चिताऱ्याला नदीवर नेऊन सोडलं. नावाड्याने त्याला नावेत घेतलं.

"नाक जरा जास्तच लांब काढलं होतंस हां," मधल्या धारेत नावाडी म्हणाला.

चितारी हसला नाही. कोळशाची बोटं धुवायला त्याने हात पाण्याकडे नेला. त्या पाण्यात कोण कोण गेलं ते आठवलं, आणि हात तसाच काळा मागे घेतला.

तात्पर्य: कुणाचं नाक हवं तेवढं लांब काढावं, पण त्याच्या हातात कुऱ्हाड देण्याआधी ती आपल्या डोळ्यांनी पाहावी.