बाकाला वाटलेला हेवा

शहरातला कचऱ्याचा डोंगर हटवून तिथे बाग केली, त्या काळची ही गोष्ट. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांच्या सन्मानासाठी बागेत एक पुतळा उभारला होता. हातात पेजेची वाटी घेऊन उभी असलेली आया. तिला रोज ताजा हार पडे आणि समोरचं लाकडी बाक जळफळे. “दिवसभर लोकांचं ओझं मी वाहायचं आणि हार मात्र हिला!”

एकदा आयाचंच काम करणारी सुगंधा एका आजींना घेऊन आली आणि दोघी बाकावर टेकल्या.

“अगं, हा तुम्हा आयांचाच पुतळा ना?” आजींनी विचारलं.

“हो ना आजी. पण मेलीला इथंही बसू दिलं नाही बघा!” सुगंधा हसली.

बाक वरमलं. आजवर त्याने तिचा हारच पाहिला होता, पाय कधी पाहिले नव्हते.

त्या दोघी गेल्यावर ते हळूच म्हणालं, “बाई, टेकतेस का जरा?”