मागितलं तर द्या

"माझी ऑर्डर कुणाला विचारून बदललीत, मॅडम?"

वॉर्डात फाइल उघडून बघताच डॉ. निनाद खांबेटेनं विचारलं. तेही भूलतज्ज्ञ डॉ. अनसूया लोंढे यांना, ज्यांच्या हाताखाली तो शिकला होता.

बाई खुर्चीतून उठल्या नाहीत.

परवाच निनादनं बारा वर्षांच्या तेजल गावितचा वाकडा कणा सरळ केला होता, सलग सहा तास उभं राहून. एक्स-रे पाहून सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती. आज सकाळी राउंडला त्यानं तिचं ठरल्या वेळेचं वेदनाशामक बंद केलं आणि फाइलवर लिहिलं, 'मागितलं तर द्या.' दुपारी येऊन बघतो तर बाईंनी ती ओळ खोडलेली. त्याची कानशिलं तापली.

मुलगी मागतच नाही, तो म्हणाला. दुखतं का विचारलं की 'नाही' म्हणते. मग उगाच गुंगी कशाला चढवायची? उठून बसायला सांगितलं की तेवढा हट्ट करते.

"हट्ट..."

बाई उठल्या.

तेजल छताकडे बघत पडून होती. बाईंनी चादर बाजूला केली. मुलीनं गादीची कड मुठीत गच्च धरली होती. बाईंनी ती मूठ हळूच सोडवली, निनादचा हात ओढला आणि त्याची दोन बोटं तिच्या मुठीत दिली.

"जेवढं दुखतंय तेवढं दाब, बाळा."

तेजलनं आधी निनादकडे पाहिलं...

मग दाबलं. आता सोडेल, असं त्याला वाटलं. तिनं सोडलं नाही. त्याच्या बोटांची टोकं पांढरी पडली.

बाईंनी सांगितल्यावर सिस्टरनं सलाइनमधून औषध दिलं. हळूहळू मूठ सैल होत गेली. तोवर निनाद तसाच वाकून उभा होता.

मला का सांगितलं नाहीस, त्यानं विचारलं.

तेजल जरा घुटमळली. "तुम्ही सगळ्यांना सांगत होतात ना... ही माझी शूर मुलगी, अजिबात रडत नाही म्हणून."

निनाद बाईंच्या मागोमाग वॉर्डाबाहेर आला.

"मी तिला धीर देत होतो, मॅडम."

बाईंचा आवाज चढला नाही.

"धीर तिच्याकडे होता रे. औषध नव्हतं."