दगडी पायांचा राजा

एका राज्यात राजाने कुणाकडे जायचं नाही, सारं राजाकडे यायचं, अशी रीत होती. नदीसुद्धा घागरीतून दरबारात येई.

वसंत आला. राजा वज्रबाहूने हुकूम सोडला, "रानातली फुलझाडं उपटा, माझ्या बागेत लावा." झाडं आली आणि दुपारपर्यंत माना टाकून बसली. त्यांच्यामागोमाग रानातला मांत्रिक आला.

"ज्याला चालायचं नाही, त्याला पाय कशाला?" एवढंच तो बोलला, आणि राजाचे पाय गुडघ्यापर्यंत दगड झाले. शेजारी उभी असलेली राजकन्या हेमांगी त्याला सावरायला पुढे झाली.

फांदीवरचा हळद्या पक्षी म्हणाला, "धायटी, कुडा, अंजनी. तिन्ही फुललेली राजाने पाहावीत. शाप सुटेल."

हेमांगी धावली. कड्यावरची लालभडक धायटी खुडून आणली, तर बागेच्या दारात तिचा निखारा झाला. राजा कमरेपर्यंत दगड! कुड्याचा पांढराशुभ्र तुरा आणला, त्याची राख झाली. दगड गळ्याशी आला.

"पोरी, मला भीती वाटते गं," राजा पुटपुटला. बाबांना भीती? ती पुन्हा रानाकडे पळाली.

तिसऱ्यांदा अंजनीच्या निळ्या बहराकडे तिने हात नेला, तोच हळद्या कडाडला, "खुड, खुड! आता तोंडच बंद होईल त्यांचं! तुम्हा वाड्यातल्यांना पाहणं म्हणजे आणणंच वाटतं!"

हात तसाच हवेत राहिला. मग ती उलटपावली पळत सुटली.

"प्रधानजी, पालखी काढा. बाबांना रानात न्यायचंय."

"राजकन्ये, रीत मोडेल!"

"मोडू दे! बाबा वाचायला हवेत."

भोई घामाघूम झाले. कड्यावर धायटी दिसली, राजाची छाती मोकळी झाली. कुडा दिसला, कंबर सुटली. पण अंजनी दाट जाळीत. पालखी आत शिरेना. सगळे थिजून बघत राहिले, कारण राजा खाली उतरला आणि दगडी पाय फरफटत, कोपरांवर रांगत जाळीत घुसला.

आत सामसूम. हेमांगी फांद्या बाजूला सारू लागली. आणि एकदम आरोळी आली, "मुंगी! हेमे, मुंगी चावली गं पायाला!"

राजा निळ्या फुलांखाली उभा होता, अनवाणी, पाय झाडत, हसत.

उपटलेली झाडं त्याने स्वतः रानात परत लावली. तेव्हापासून वसंत आला, की त्या राज्याचा राजा सगळ्यांआधी पायी रानात जातो. त्याला फुलं भेटली, तशी ऐकणाऱ्यांनाही भेटोत.